आँखें मेरी, बाक़ी उन का : अकबर इलाहाबादींनी पाहिलेला दरबार

कंदील :

इंग्रजी अमलात सत्ताधाऱ्यांची आणि पुढाऱ्यांची टर उडवणाऱ्या कवितेबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं. आज एकाच कवितेपासून सुरुवात करतो, कारण ती मला या प्रकारातली सर्वांत मोठी कविता वाटते. अकबर इलाहाबादींची 'जल्वा-ए-दरबार-ए-देहली'.

१९०३ च्या जानेवारीत लॉर्ड कर्झनने दिल्लीत दरबार भरवला. निमित्त सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाचं. राजा स्वतः आला नाही, त्याने धाकट्या भावाला, ड्यूक ऑफ कनॉटला पाठवलं. मानाची मुख्य जागा मात्र व्हाइसरॉय म्हणून कर्झनचीच होती. हत्ती, संस्थानिक, पलटणी, तंबूंचं अख्खं शहर, शिवाय कलाकुसरीचं प्रदर्शन. १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ सरून फार काळ लोटला नव्हता, त्यामुळे या खर्चावर तेव्हाच टीका झाली होती.

अकबर तेव्हा सरकारी न्यायखात्यात आयुष्य काढलेला माणूस. अलाहाबादजवळच्या बारा गावचा जन्म, १८४६ चा. शिक्षण बरंचसं घरीच. वकिलीची परीक्षा देऊन पुढे मुन्सफ आणि चढत चढत न्यायाधीश. १८९८ मध्ये 'खान बहादूर' किताबही मिळाला. आणि याच माणसाची कविता लखनौच्या 'अवध पंच'मधून घरोघरी गेलेली. मुन्शी सज्जाद हुसेन यांनी १८७७ साली लंडनच्या 'पंच'च्या धर्तीवर काढलेलं हे साप्ताहिक. सरकारधार्जिण्या प्रतिष्ठितांना त्यात काही खैर नसे.

आता कविता कशी सुरू होते पाहा :

सर में शौक़ का सौदा देखा
देहली को हम ने भी जा देखा
जो कुछ देखा अच्छा देखा
क्या बतलाएँ क्या क्या देखा

जत्रेहून आलेला माणूस ओसरीवर बसून सांगतो तसं. हे पाहिलं, ते पाहिलं, सगळं चांगलंच पाहिलं. पुढे यमुनेचा पाट पाहिला, सुंदर घाट पाहिले, 'सब से ऊँचे लाट को देखा, हज़रत ड्यूक कनॉट को देखा'. पाट, घाट, लाट (म्हणजे लाटसाहेब) आणि त्याच माळेत कनॉट. राजाचा भाऊ यमकाच्या रांगेत येऊन बसतो आणि नदीकाठच्या प्रेक्षणीय वस्तूंपैकी एक होतो. कुठेही अपशब्द नाही. 'हज़रत' तर अदबीनेच म्हटलं आहे.

मग पलटणी, रिसाले, गोरे, काळे, संगिनी, भाले आणि बँड वाजवणारे. मग 'कुछ चेहरों पर मर्दी देखी, कुछ चेहरों पर ज़र्दी देखी'. काही चेहऱ्यांवर मर्दुमकी, काहींवर पिवळेपणा. कोणाचे चेहरे कुठले, ते सांगायची गरज उरत नाही. भल्याभल्यांना गर्दीत धक्के खाताना पाहिलं, तोंडं लटकलेली, पण 'दिल दरबार से अटका देखा'. आमंत्रणासाठी धडपडलेले आपलेच रईस, राजे, खान बहादूर, रायबहादूर. त्यांच्यासाठी या कवितेत सर्वांत जास्त जागा आहे असं मला वाटतं.

लाल किल्ल्यातल्या नाचाचा तुकडाही आहे. 'बॉल में नाचें लेडी कर्ज़न'. त्या रात्री लेडी कर्झनने मोरपिसांच्या नक्षीचा जो झगा घातला होता त्याचं जरदोजी काम दिल्लीच्या कारागिरांनी केलं होतं, शिवला गेला पॅरिसला, आणि आज तो इंग्लंडात कर्झन घराण्याच्या केडल्स्टन हॉलमध्ये आहे. अकबर त्या भरजरी पोशाखाचं वर्णन करतात तेव्हा उर्दू कसिद्याची, म्हणजे स्तुतिकाव्याची, सगळी आतषबाजी वापरतात. आकाशातली शुक्राची चांदणीसुद्धा त्या पोशाखाची गिऱ्हाईक झाली म्हणे.

पण या नाचाआधीच या कडवट ओळी येऊन गेलेल्या असतात :

महफ़िल उन की साक़ी उन का
आँखें मेरी बाक़ी उन का

मैफल त्यांची, साकी त्यांचा, डोळे तेवढे माझे, बाकी सगळं त्यांचं. कडव्यामागून कडव्यांत 'देखा, देखा' म्हणणाऱ्याने हिशेब मांडला तर त्याच्या खात्यात फक्त पाहणंच निघालं. गुलाम देशातल्या शिकल्यासवरलेल्या माणसाची स्थिती इतक्या थोडक्यात मी दुसरीकडे वाचलेली नाही.

तुम्हाला या जातीच्या आणखी कविता माहीत असतील तर लिहा. मराठीतल्या तर जरूर लिहा.

ओसरी :

वाचनखूण साठवली. 'हंगामा है क्यूँ बरपा' गुलाम अलींच्या आवाजात लहानपणापासून ऐकते आहे, ती गझल याच अकबरची, पण कर्झनच्या दरबारावर यांनी लिहिलंय हे माहीत नव्हतं. अजून येऊ द्या.

माळरान :

कंदीलराव, लेख आवडला. यात किप्लिंग आणायला हवा, कारण तुम्ही म्हणता तो प्रकार इंग्रजीत त्यानेच गाजवला. जन्म मुंबईचा, १८६५ चा, वडील जे. जे. कलाशाळेत शिकवायचे. १८८६ साली लाहोरला त्याने 'डिपार्टमेंटल डिटीज' छापलं. पुस्तकाचं रूप सरकारी लखोट्यासारखं होतं, तपकिरी कागद, वरून फीत बांधलेली, आणि पत्ता सगळ्या खातेप्रमुखांच्या नावे. म्हणजे ज्यांची थट्टा केली त्यांनाच टपालाने.

आतला मजकूरही तसाच. वशिल्याने चढलेले, बायकोच्या ओळखीने बढती मिळालेले, सिमल्याच्या थंडीत बसून खाली मैदानात माणसं मरायला पाठवणारे. अर्थखात्याच्या ऑकलंड कॉल्विनने १८८६ मध्ये प्राप्तिकर लावला तेव्हा त्याने उमर खय्यामच्या रुबायांच्या चालीवर त्याला भीक मागायला लावलं. एका कवितेत जॅक बॅरेट नावाच्या माणसाला क्वेट्टाला बदली देतात, बायको सिमल्यात राहते, तो तिकडे मरतो. बदली का झाली हे सगळ्या सिमल्याला ठाऊक. त्या कवितेत मला खरा राग दिसतो.

तेव्हा धाडस फक्त अकबरचंच होतं असं नाही. आपल्याच साहेबांवर लिहायलाही छाती लागते.

कंदील :

माळरान, बॅरेटची कविता मलाही आवडते. तिथे किप्लिंग खरंच संतापला आहे.

पण तुम्ही त्याच संग्रहाच्या सुमाराची 'पॅजेट, एम.पी.' पुन्हा वाचून पाहा. पार्लमेंटचा एक सभासद नोव्हेंबरच्या थंडीत 'पूर्वेचा अभ्यास' करायला येतो, इथलं ऊन ही भाकडकथा आहे म्हणतो, मग निवेदक त्याच्याकडून सप्टेंबरपर्यंत राहण्याचं वचन लिहून घेतो. एप्रिल लागतो, पंखे सुरू होतात, अंगभर घामोळं येतं, डास फोडून काढतात, आणि पॅजेटसाहेब पंखा ओढणाऱ्यांना झोडपायला लागतो. हे वाक्य कवितेत गमतीचं म्हणून येतं. नंतर साहेब पळ काढतो आणि निवेदक हसतो. विलायतेतल्या शहाण्याची जिरली, एवढाच तिचा आनंद.

मार खाल्लेल्या पंखेवाल्याचं काय? तो त्या कवितेत डासांच्या आणि घामोळ्याच्या यादीत आहे. मला किप्लिंगच्या छातीबद्दल शंका नाही. त्याचं हसू क्लबच्या आतलं आहे. ज्याच्यावर लिहिलं तो संध्याकाळी त्याच्याच टेबलावर येऊन बसणार, पाठीवर थाप मारणार. अकबरकडे तो टेबल नव्हता. पंखा ओढणारा जे पाहत असेल ते अकबर लिहितात.

आणखी एक धागा आहे. १८८७ मध्ये किप्लिंग लाहोरहून अलाहाबादच्या 'पायोनियर'मध्ये गेला. सरकारच्या मर्जीतलं हे पत्र. आणि अलाहाबादच्याच अकबरांचा शेर आहे :

घर से ख़त आया है कि कल हो गया चहलुम उस का
पायनियर लिखता है बीमार का हाल अच्छा है

घरून पत्र आलं, त्याचा चाळिसावाही काल उरकला. आणि पायोनियर छापतंय, रुग्णाच्या प्रकृतीला उतार आहे. दोन ओळींत सरकारी बातमी आणि घरची बातमी समोरासमोर. माणूस जाऊन चाळीस दिवस झाले, कागदावर तो बरा होतो आहे. दुष्काळाच्या आणि प्लेगच्या काळात ज्यांनी असे कागद वाचले असतील त्यांना हा शेर कसा झोंबला असेल.

तिसरी घंटा :

कर्झनचा विषय निघाला आणि कोणी 'कीचकवध' म्हटलं नाही? कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं नाटक, १९०७ चं. कर्झन १९०५ मध्ये राजीनामा देऊन गेलेला, पण प्रेक्षागृहात तो अजून होता. कथा महाभारतातली, विराटाच्या दरबारातली. इंग्रज हा शब्द नाही, कर्झन हे नाव नाही. तरी कीचक कोण, सैरंध्री कोण, सबुरीचा सल्ला देणारा युधिष्ठिर म्हणजे कोणता पक्ष आणि भीम कोणता, हे पिटातल्या माणसालाही कळत होतं. 'टाइम्स'चा पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल याने लंडनच्या वाचकांना हे समीकरण फोडून सांगितलं, आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली.

कंदील, तुमच्या मुद्द्याला धरून एक फरक नोंदवावासा वाटतो. खाडिलकर कर्झनला मारतात. अकबर त्याला 'कर्ज़न महराज' म्हणून नमस्कार करतात. दोघांनी आडपडदा वापरला, पण एकाचा पडदा फाडून सरकार आत शिरलं, दुसऱ्याचा फाडता येईना, कारण फाडला तर मागे स्तुतीच सापडते. 'जो कुछ देखा अच्छा देखा' यावर खटला भरणार कसा? 'तहत में उन के बीसों बंदर' या ओळीत त्यांच्या ताब्यातली वीसेक बंदरं म्हणा, नाही तर वीसेक माकडं म्हणा, शपथेवर कवी बंदरंच सांगणार.

जुनी वही :

तिसरी घंटा यांच्याशी सहमत, आणि खटल्याची गोष्ट अगदी हवेतली नाही. राजद्रोहाचं १२४ अ कलम १८७० मध्ये आलं. त्याखाली १८९७ मध्ये टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली तेव्हा आरोपातला एक मजकूर कविताच होती. 'केसरी'त जूनमध्ये छापलेली 'शिवाजीचे उद्गार', खाली कवीचं नाव नाही, भवानी तलवारीची खूण. शिवाजी महाराज गडावरून उठतात आणि आपल्या देशाची दशा पाहून बोलतात, एवढंच तिच्यात आहे. पुढच्याच वर्षी ते कलम आणखी कडक केलं. १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना पुस्तिकेतल्या कवितांपायी जन्मठेप काळ्या पाण्याची.

म्हणून अकबरच्या त्या भोळ्या 'देखा'ला मी नुसती गंमत मानत नाही. न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेला माणूस तो. कुठल्या ओळीला कोणतं कलम लागतं हे त्याला रोजच्या कामातून माहीत होतं. कायदा माहीत असलेल्या माणसाने लिहिलेली कविता अशीच असणार.

गारवेल :

सगळं वाचलं. मला मात्र या कौतुकात सहज सामील होता येत नाही आणि ते स्पष्ट लिहिते.

अकबर जितक्या जोरात लाटसाहेबावर हसले तितक्याच जोरात शिकणाऱ्या बाईवरही हसले. पडद्याबाहेर आलेल्या बायकांवरचा त्यांचा तो प्रसिद्ध चौपदी तुकडा आजही लोक टाळ्या घेत म्हणतात. बायका बिनपडद्याच्या दिसल्या आणि अकबर लाजेने जमिनीत गाडला गेला. पडदा कुठे गेला विचारलं तर म्हणाल्या, पुरुषांच्या अकलेवर पडला. शेवटची ओळ बायकांच्या तोंडी आहे म्हणून ती बायकांच्या बाजूची आहे असं काहीजण म्हणतात. मला तसं वाटत नाही. शरम तिथे बायकांच्या उघड्या तोंडाचीच आहे. आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' छापलं होतं. म्हणजे त्या काळात दुसरा विचार उपलब्धच नव्हता असं नाही.

कॉलेजबद्दलही तेच. फिरऔनला, म्हणजे इजिप्तच्या त्या राजाला, कॉलेज काढायचं सुचलं असतं तर मुलांची कत्तल करून बदनाम व्हावं लागलं नसतं, असा त्यांचा शेर आहे. ऐकायला झणझणीत. पण ज्यांना शाळेच्या दारात कधी उभंच केलं नाही त्यांनी या शेराला दाद कशी द्यायची?

तुम्ही मराठीतलं मागितलंत म्हणून सांगते. जोतीराव फुल्यांचा 'विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी' हा पोवाडा १८६९ चा आहे. त्याच वर्षीचं 'ब्राह्मणांचे कसब'. सरकारी खात्यावर, त्यातल्या नोकरांवर आणि डोळे मिटून बसलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांवर पद्यातून केलेली झोड. कुणब्याकडून पैसा घ्यायचा आणि त्याच्या पोराला अक्षर द्यायचं नाही, ही तक्रार. तीही वसाहतीतली उपहासाची कविताच आहे, आणि तिचा राग शाळा हवी म्हणून आहे. या चर्चेत ती पहिल्या प्रतिसादातच यायला हवी होती.

कंदील :

गारवेलताई, तुमचा आक्षेप मला मान्य आहे. पडद्यावरचा तो तुकडा मी कुठल्याही मैफलीत म्हणत नाही. त्याला काळाचा दोष म्हणून सोडून द्यावं असंही मला वाटत नाही.

शिक्षणाच्या बाबतीत मात्र अकबर मला जास्त गुंतलेले दिसतात. सर सय्यद अहमद खानांनी अलीगढचं कॉलेज काढलं, अकबरनी आयुष्यभर त्यांच्यावर बाण सोडले. सय्यद गॅझेट घेऊन उठले तर लाखो मिळाले, शेख कुराण दाखवत फिरले त्यांना दमडी नाही, अशी खोचक तुलना. आणि १८९८ मध्ये सय्यद गेले तेव्हा याच अकबरनी लिहिलं :

हमारी बातें ही बातें हैं सय्यद काम करता था
न भूलो फ़र्क़ जो है कहने वाले करने वाले में

आम्ही नुसते बोलणारे, सय्यद काम करणारा होता. ज्याची वर्षानुवर्षं टर उडवली त्याच्याबद्दल इतक्या उघड मनाने लिहिणारे उपहासकार फार नाहीत.

घरातही तोच ओढाताणीचा प्रकार. मुलगा इशरत याला विलायतेला शिकायला त्यांनीच पाठवलं. मग त्याच्यावरच कविता केली. लंडनची हवा खाल्लीस आणि घरची माया विसरलास, केक चाखलास आणि शेवयांची चव विसरलास. ईदच्या दिवशी शेवयांपुढे एकटा बसलेला बाप त्या कवितेत दिसतो. तिला मी शिक्षणावरचा हल्ला म्हणून वाचूच शकत नाही.

फुल्यांचा पोवाडा इथे आणलात याबद्दल मनापासून आभार. माझ्या मते तिथे हसणारा माणूस सर्वांत खालच्या पायरीवरून वर पाहतो आहे, म्हणून त्याला गोरा साहेब आणि काळा कारकून दोघंही एकदम दिसतात. अकबरना मधल्या पायरीवरून तेवढं दिसलं नाही.

माळरान :

गारवेलताईंचा प्रतिसाद वाचून एक गोष्ट आठवली. अकबरनी ज्याला यमुनेच्या घाटाशेजारी उभा केला तो ड्यूक ऑफ कनॉट आधी मुंबई इलाख्याच्या सैन्याचा सरसेनापती होता. १८८८ च्या मार्चमध्ये पुण्यात हरि रावजी चिपळूणकरांनी त्याला मेजवानी दिली, तिथे जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात गेले. दागिन्यांनी मढलेल्या पाहुण्यांकडे बोट करून ते भाषणात म्हणाले, की हे लोक म्हणजे हा देश नव्हे, खरी रयत पाहायची तर खेड्यात जा, आणि तिला शिक्षण हवं आहे हे राणीच्या कानावर घाला.

त्याच ड्यूकच्या निमित्ताने दोन माणसं बोलली आणि दोघांनी दरबारी लोकांकडेच बोट दाखवलं. मला हे फार विलक्षण वाटलं.

ओसरी :

माळरान, हे वाचून अंगावर काटा आला. कंदीलदादा, एक विचारायचं होतं. अकबर देशी पुढाऱ्यांवर लिहायचे म्हणता, ते कसं? आणि गांधींबद्दल काही आहे का? ते १९२१ पर्यंत होते ना?

कंदील :

ओसरी, पुढाऱ्यांवरचा सर्वांत प्रसिद्ध शेर हा :

क़ौम के ग़म में डिनर खाते हैं हुक्काम के साथ
रंज लीडर को बहुत है मगर आराम के साथ

देशाच्या दुःखात साहेबांबरोबर जेवणं झडतात, पुढाऱ्याला दुःख खूप आहे पण आरामासकट. अर्ज-विनंत्यांच्या आणि कौन्सिलच्या राजकारणाचा तो काळ. नाव घेतलेलं नाही, त्यामुळे तो शेर कोणत्याच एका पुढाऱ्याबरोबर मेला नाही. वर्तमानपत्रावरचा 'जब तोप मुक़ाबिल हो तो अख़बार निकालो' तर आजही पत्रकार अभिमानाने म्हणतात. तोफेपुढे वर्तमानपत्र काढणाऱ्यांची शाबासकी आहे की कीव, यावर मी अनेकांशी वाद घातला आहे. माझं मत कीव असंच आहे.

गांधींवर त्यांनी शेवटच्या दोन-तीन वर्षांत पुष्कळ लिहिलं. 'शाहनामा हो चुका अब दौर-ए-गांधीनामा है' अशी घोषणाच केली. राजांच्या गाथा संपल्या, आता गांधींची गाथा. बुद्धू मियाँसुद्धा गांधींबरोबर निघालेत, धुळीचा कण असले तरी वादळाबरोबर आहेत, असा एक शेर आहे. त्यात चेष्टा आहे आणि ओढही आहे. पण मला सर्वांत जास्त लागतो तो स्वतःवरचा :

मदख़ूला-ए-गवर्नमेंट अकबर अगर न होता
उस को भी आप पाते गाँधी की गोपियों में

अकबर सरकारने ठेवलेली बाई नसता तर तोही तुम्हाला गांधींच्या गोपींमध्ये सापडला असता. पेन्शन घेणारा निवृत्त न्यायाधीश, खान बहादूर, स्वतःला हा शब्द वापरतो. कनॉटवर हसताना जेवढा नेम धरला तेवढाच इथे धरला आहे. दरबारात डोळे तरी स्वतःचे होते. इथे तेही त्यांनी सोडलेले नाहीत, आपण कोणाचे खातो ते उघड्या डोळ्यांनी पाहून लिहिलं आहे.

'गांधीनामा' त्यांनी हयातीत छापलं नाही. १९२१ मध्ये ते गेले. पुस्तक अलाहाबादहून निघालं १९४८ साली.

जुनी वही :

१९४८. म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहिलं तेही गेल्यावर, किंवा त्याच सुमारास. अकबरची निवडक कविता देवनागरीत सहज मिळते, उर्दू लिपी येत नसली तरी अडत नाही. दरबाराची कविता मात्र मोठ्याने म्हणून पाहा. 'देखा' प्रत्येक वेळी त्याच सुरात म्हणायचं, जोर द्यायचा नाही.